आरोपी क्रमांक एक ते चार

"घुसला!" नाना सोफ्यावरून अर्धे उठले. "बघा, परत घुसला. बेल नाही, कडी वाजवणं नाही, 'आहे का कुणी घरात' नाही. चारशे अठ्ठेचाळीस!"

टीव्हीवर 'साइनफेल्ड'मधला क्रेमर नेहमीप्रमाणे दार ढकलून, घसरत, हेलकावे खात जेरीच्या घरात शिरला होता. त्या घसरण्यावर अमेरिका तीस-पस्तीस वर्षं हसत आलीय. नाना हसले नाहीत. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, मांडीवरची वही उघडली, तारीख टाकून दोन ओळी लिहिल्या, हीटर चालू असताना घातलेली माकडटोपी कानांवर ओढली आणि मला म्हणाले, "हं, जावईबापू, चालू करा."

नाना म्हणजे माझे सासरे. सातारा जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांमध्ये चौतीस वर्षं नोकरी. कारकून म्हणून चिकटले, फौजदारी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. या काळात किती न्यायाधीश आले आणि बदलून गेले, वकिलांचे केस पिकले, आरोपींची मुलं आरोपी झाली. पण पुकारा झाल्याबरोबर नेमकी फाईल साहेबांच्या पुढ्यात सरकवणारा हात एकच होता. असा माणूस निवृत्त होतो म्हणजे काय, तर सकाळी डबा घेऊन बाहेर पडत नाही, एवढंच.

अशी माणसं घरोघरी असतात. माझे एक काका पाटबंधारे खात्यात होते. सिनेमात नायक-नायिका धरणाच्या भिंतीवर गाणं म्हणत असतील तर काका मागे सांडवा कुठे दिसतोय ते बघतात. आमच्या इमारतीत वर राहणारी डॉक्टरीणबाई मालिकेतला नायक कोमात गेला की त्याची सलाईन उलटी लावलीय म्हणून चिडते. पण ही मंडळी अधूनमधून चिडतात आणि मग गाणं ऐकतात. नाना गाणं ऐकत नाहीत. त्यांच्या लेखी पडद्यावर माणूस आला की तो फिर्यादी, आरोपी, पंच नाहीतर साक्षीदार. पाचवा प्रकार नाही.

२०२४च्या नोव्हेंबरात माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि नाना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे एडिसनला आले. न्यू जर्सीतली थंडी, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, कट्टा नाही, पेपर नाही. माई स्वयंपाकघरात रमल्या. नानांसाठी बायकोने मराठी मालिका लावून दिल्या, त्या त्यांनी चार दिवसांत बंद करायला लावल्या. "यात सगळं तीनशे दोन आणि तीनशे सात. दूध उकळलं की त्यात कुणीतरी विष टाकतंय. हे सेशन्सचं काम. आपल्याकडे बोर्डावर नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की नानांना गुन्हा लहान लागतो. बांधावरची मारामारी, कोंबडीची चोरी, सायकलला दिवा नसणं, चावडीसमोरची शिवीगाळ, यावर त्यांचं आयुष्य गेलेलं. २००१मध्ये 'ऑफिस ऑफिस' सुरू झालं तेव्हा म्हणे सगळं घर पंकज कपूरच्या मुसद्दीलालला हसायचं आणि नाना पाठ करून बसायचे. "ती मालिका नव्हती, जावईबापू. ते शेजारचं ऑफिस होतं." २०१८ला लाचलुचपतीचा कायदा दुरुस्त होऊन लाच देणाराही गुन्हेगार ठरला, तेव्हा त्यांनी पहिला फोन आम्हाला केला होता. "मुसद्दीलाल अडकला!"

म्हणून मी त्यांना 'साइनफेल्ड' लावून दिलं. १९८९ ते १९९८, एकूण १८० भाग, मॅनहॅटनमध्ये राहणारी चार रिकामटेकडी माणसं आणि त्यांचे चिल्लर उद्योग. मला वाटलं होतं वेळ जाईल. तिसऱ्या दिवशी नानांनी माझ्याकडे आखीव वही मागितली.

वहीच्या पहिल्या पानावर यादी: आरोपी क्र. १ जेरी, क्र. २ जॉर्ज, क्र. ३ इलेन, क्र. ४ क्रेमर. पोस्टमन न्यूमनसमोर 'पाहिजे असलेला'. पुढच्या पानापासून रोजनामा. एक नोंद माझ्याकडे अजून आहे. "आरोपी क्र. ४ याने आरोपी क्र. १ चे राहते घरी विनापरवाना प्रवेश करून फ्रीज उघडून आतील जिन्नस जागीच भक्षण केले. घरमालकाची तक्रार नाही. सबब दप्तरी दाखल."

"नाना, अहो हे न्यूयॉर्कमध्ये घडतंय," मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो. "आपले कायदे तिथे कसे लागतील?"

"हद्दीचा मुद्दा आरोपीने काढायचा असतो," नाना म्हणाले. "तुम्ही त्याचे वकील आहात का?"

त्यातच त्यांचं एक जुनं दुखणं होतं. १ जुलै २०२४ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. १८६०चा कायदा, ५११ कलमं, नानांना झोपेतून उठवलं तरी पाठ. त्यांची ३५८ झाली, आणि तीही सगळी जागा बदलून. नानांनी हे घरात वाटणी व्हावी तसं मनाला लावून घेतलं. खिशात जुन्या-नव्या कलमांचा घडी घातलेला तक्ता असायचा, घडीवर फाटलेला, चिकटपट्टीने जोडलेला. आधी जुना नंबर ठणकावून म्हणायचे, मग तक्ता उघडून पडेल आवाजात नवा. "चारशे वीस हा नुसता आकडा नव्हता हो, ती शिवी होती. आता कुणाला 'तू तीनशे अठराचा पोटकलम चार आहेस' असं म्हणून बघा. समोरचा थँक्यू म्हणेल. राज कपूरने सिनेमाला नाव काय दिलं असतं?"

हे दुखणं पावाच्या भागात उफाळून आलं. त्या भागात जॉर्जचे आईवडील व्याह्यांकडे जेवायला जाताना राय नावाच्या धान्याचा खास पाव नेतात. व्याही तो वाढायला विसरतात, तर हे उठताना पाव गुपचूप परत घेऊन येतात. (माई इथे म्हणाल्या, "आपल्या तिकडच्या वन्संनी चिवड्याचा डबा असाच नेला होता." नानांनी हात वर करून साक्ष थांबवली.) मग अब्रू वाचवायला तसाच दुसरा पाव हवा. बेकरीतला शेवटचा पाव एका म्हाताऱ्या बाईने घेतलेला. जेरी तिला पन्नास डॉलर देऊ करतो, ती ऐकत नाही, शेवटी तो भर रस्त्यात तिच्या हातातून पाव हिसकावून पळतो.

नानांनी रिमोट मागून घेतला. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तीनदा.

"हिसका दिला की नाही दिला?"

"दिला," मी म्हणालो.

"बाई पडली?"

"नाही."

"दुखापत नाही. म्हणजे जबरी चोरी कोर्टात टिकायची नाही." तक्ता उघडला गेला. बोट वरून खाली सरकत आलं आणि थांबलं. "हिसकावून चोरी. हे नवीन घातलंय. पूर्वी वेगळं कलमच नव्हतं. नंबर..." नानांचा चेहरा उतरला. "तीनशे चार."

मला काही कळेना.

"अहो, तीनशे चार म्हणजे सदोष मनुष्यवध! त्याला आम्ही उभं राहून कागद द्यायचो. आणि आता तीनशे चार म्हणजे म्हातारीचा पाव?" त्या रात्री नाना नीट जेवले नाहीत.

पण नानांना नुसतं कलमं लावणारे समजू नका. त्यांचं सगळ्यात लाडकं कलम गुन्हा काढून टाकणारं आहे. जुनं पंचाण्णव. झालेलं नुकसान इतकं किरकोळ असेल की साध्या समजूतदार माणसाने त्याची तक्रारच करू नये, तर तो गुन्हा धरायचा नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला हे सुचलं याचं नानांना अपार कौतुक. घरात ते कलम रोज चालतं. मधुमेह असून लाडू उचलला, माईंनी डोळे वटारले, की नाना लाडू तोंडात जाईपर्यंत बोट वर धरून म्हणतात, "पंचाण्णव." माझी चप्पल घालून पेटीतलं टपाल आणायला जातात, "पंचाण्णव." नुअर्कच्या विमानतळावर उतरले तेव्हा सामानाजवळ एक गोंडस कुत्रं येऊन माईंच्या पिशवीशी शांतपणे खाली बसलं. माईंनी त्याला "यू यू" केलं. ते बसलं होतं कढीपत्त्यासाठी. ताजा कढीपत्ता इथे आणायला बंदी आहे. अधिकाऱ्याने पिशवी उघडून हिरवीगार जुडी वर काढली तेव्हा नानांनी खोकून घसा साफ केला आणि खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "सर, सेक्शन नाइंटी-फाइव्ह." अधिकाऱ्याने जुडी कचऱ्यात टाकली आणि हसून सोडून दिलं. नाना अजून म्हणतात, त्याने कलम मान्य केलं.

कुत्र्यावरून आठवलं. इलेनला समोरच्या कुत्र्याच्या भुंकण्याने झोप लागत नाही, म्हणून ती क्रेमर आणि न्यूमनला घेऊन रात्री ते कुत्रं पळवते आणि गाडीतून लांब नेऊन सोडते, तो भाग लागला आणि नाना चक्क आनंदाने थरथरायला लागले. कारण दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली जी उदाहरणं आहेत, त्यात दुसरंच उदाहरण कुत्र्याचं. 'ए' नावाचा इसम खिशात खाऊ ठेवतो, 'झेड'चं कुत्रं त्याच्या मागे चालू लागतं, आणि त्या क्षणाला चोरी पुरी होते. "चौतीस वर्षं वाट पाहिली," नाना म्हणाले. "बैल आले, शेळ्या आल्या, एकदा गाढव आलं. कुत्रं नाही आलं." पुढे ते कुत्रं आपल्या पायांनी घरी परत येतं, तोंडात न्यूमनच्या शर्टाचा तुकडा घेऊन, आणि पोलीस थेट दारात. नानांनी टाळी वाजवली. "मुद्देमाल स्वतः घेऊन आलं! आमच्या पंचांनी याच्यापासून शिकावं."

दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या त्या 'ए' आणि 'झेड'वर नानांचं खरं प्रेम. त्यांच्या मते ती जगातली पहिली विनोदी मालिका. ए काहीतरी उचापत करतो, झेडचं काहीतरी जातं, अंगठी, घड्याळ, झाड, कुत्रं; आणि पुढच्या उदाहरणात दोघं पुन्हा हजर, जणू काही झालंच नाही. "तुमचा हा जॉर्ज आहे ना, तो ए आहे," नाना म्हणाले. विचार केला तर बरोबर आहे. जॉर्ज नसलेल्या धर्मादाय संस्थेच्या नावाने ऑफिसात कार्डं वाटतो आणि साहेबाकडून वीस हजार डॉलरचा चेक घेतो. बेकारभत्ता चालू राहावा म्हणून 'व्हँडेले इंडस्ट्रीज' नावाची कंपनी कल्पनेतून काढतो. विमानतळावर दुसऱ्याच्या नावाने आलेल्या गाडीत बसून निघतो. पाय अधू असल्याचं सोंग करून ऑफिसात स्वतंत्र संडास मिळवतो. या शेवटच्याला नानांनी थोडी सूट दिली. सरकारी ऑफिसात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वतंत्र संडासाची ओढ कळते.

सूट मिळाली नाही ती न्यूमनला. आपल्या हद्दीतलं टपाल न वाटता तो पोती भरून एका गाळ्यात कोंबून ठेवतो, हे उघड झालं तेव्हा नाना हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. टोपी काढून हातात घेतली. "सरकारी नोकर असून," एवढंच म्हणाले. १८९८च्या टपाल कायद्यात बावन्नावं कलम होतं, टपाल दडवणाऱ्या पोस्टाच्या माणसाला सात वर्षांपर्यंत. नानांनी ते वहीत लाल शाईने लिहिलं. माझ्या मते त्यांना आयुष्यभरातल्या परत न आलेल्या पोचपावत्या एकदम आठवल्या.

आणि जॉर्जच्या होणाऱ्या बायकोचा, सुझनचा भाग. जॉर्ज लग्नाची निमंत्रणं दुकानातली सगळ्यात स्वस्त घेतो, पाकिटांचा गोंद विषारी निघतो, आणि पाकिटं जिभेने चिकटवता चिकटवता बिचारी सुझन मरते. मी तयारीत बसलो होतो. हलगर्जीपणाने मृत्यू, जुनं तीनशे चार अ, नवं एकशे सहा. एव्हाना मलाही येऊ लागलं होतं. पण नाना गप्प. माईंनी स्वयंपाकघरातून आवाज दिला, "बघा, स्वस्तातल्या पत्रिका घेऊ नयेत!"

आमच्या लग्नाच्या पत्रिका नानांनीच छापून आणल्या होत्या. कोर्टाचे फॉर्म छापणाऱ्या छापखान्यातून, ओळखीने. शाई इतकी कच्ची की पाहुण्यांचे अंगठे निळे झाले होते. मांडवात निम्मे लोक अंगठा उठवून आल्यासारखे दिसत होते. वर पत्रिकेत मी 'वर' ऐवजी चुकून 'वारस' छापून आलो होतो.

"इरादा नव्हता," नाना बराच वेळाने म्हणाले. "स्वस्त घेतलं म्हणजे मारायचं होतं असं होत नाही. माणूस काटकसर करतो. निर्दोष." आणि वही मिटली.

जानेवारीत थोडी उघडीप मिळाली तेव्हा नानांनी घटनास्थळ पाहण्याची इच्छा प्रकट केली. मेट्रोपार्कहून गाडी पकडून पेन स्टेशन, तिथून एक नंबरच्या भुयारी गाडीने ११० व्या रस्त्यापर्यंत. ब्रॉडवे आणि ११२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर टॉम्स रेस्टॉरंट आहे. ही चौकडी ज्या हॉटेलात बसून एकमेकांना वाया घालवते, त्याची दर्शनी पाटी हीच. आतलं सगळं मात्र स्टुडिओत, तिकडे लॉस एंजेलिसला. मी हे सांगितलं. नाना फूटपाथवर उभे, अंगात माझं जाकीट, खाली धोतर, पायांत बायकोचे बर्फाचे बूट. त्यांनी वर पाटीकडे बघितलं, आत डोकावले, पावलांनी दारापासून कोपऱ्यापर्यंत अंतर मोजलं आणि वहीत चौकोन काढून वर 'उ' असा उत्तर दिशेचा बाण केला. "म्हणजे दर्शनी भाग एका हद्दीत आणि गुन्हे दुसऱ्या हद्दीत," ते म्हणाले. "वकील इथेच सोडवणार यांना." आत जाऊन आम्ही कॉफी घेतली. बिल आल्यावर नानांनी बेरीज तपासली. टिपेचा आकडा बघून ओठ हलले, पण कलम ऐकू आलं नाही.

मार्चमध्ये आम्ही शेवटच्या भागाशी पोचलो. १४ मे १९९८ला लागलेला तो भाग अमेरिकेत कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि त्यातल्या पुष्कळांना आवडला नाही. नानांना तर नाहीच. विमान बिघडून चौघं मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात अडकतात. समोर एका जाड्या माणसाला पिस्तुल दाखवून त्याची गाडी लुटली जाते. हे चौघं मदत सोडून टिंगल करतात, क्रेमर शूटिंग करतो. अडचणीतल्या माणसाला मदत न करणं हा तिथे गुन्हा, म्हणून अटक. खटला. नऊ वर्षांत दुखावलेला एकेक माणूस पिंजऱ्यात येऊन चौघांचे पाढे वाचतो. पाववाली म्हातारीसुद्धा.

नाना उभेच राहिले. "हरकत!"

माई दचकून बाहेर आल्या.

"कलम चौपन्न, पुरावा कायदा! आरोपीचं आधीचं वाईट वागणं पुराव्यात घेता येत नाही! पावाची केस पावाच्या कोर्टात चालवा ना! बाईने तेव्हाच फिर्याद का दिली नाही? पाव हिसकावला शहाण्णवच्या जानेवारीत. हा मे अठ्ठ्याण्णव." बोटं मोजली गेली. "तीन वर्षांची मुदत. अजून आठ महिने होते बाईला! आठ महिने!"

न्यायाधीशांनी चौघांना एक वर्षाची कैद दिली. नाना खाली बसले ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही उत्सुकता म्हणून मॅसॅच्युसेट्सचा खरा कायदा शोधला. तिथे खून, बलात्कार, सशस्त्र दरोडा असं काही समोर घडलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीला धावलंच पाहिजे असं त्यात नाही, आणि न कळवल्याची शिक्षा पाचशे ते अडीच हजार डॉलर दंड. तुरुंग नाही. हे मी नानांना सांगायला नको होतं.

"चोरी केली, सुटले," नाना म्हणाले. "ठकवलं, सुटले. कुत्रं पळवलं, दुसऱ्या भागात मोकळे. टपाल दडवणारा तो न्यूमन, तो तर बाहेर बसून हसतोय. आणि आत कशासाठी गेले? तर हसले म्हणून. जावईबापू, माझ्या टेबलावरून अशी कागदं गेलीत. कोंबडीचोर सुटायचा, आणि साक्ष द्यायला आलेला बिडी ओढली म्हणून दंड भरून जायचा. मी फाईल बांधून ठेवायचो. तेव्हा बोलायची सोय नव्हती."

दुसऱ्या दिवसापासून वहीत रोजनामा बंद झाला. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानाची जाहिरातपत्रकं यायची, एका बाजूला भेंडी आणि आट्याचे भाव, मागे कोरी. त्या कोऱ्या बाजूंवर नाना मराठीत अपील लिहू लागले. "अपिलाची कारणे: एक, खालील कोर्टाने पुराव्याचा योग्य विचार केला नाही. दोन, हसणे ही कृती स्वभावतः..." ज्या माणसांवर चार महिने शंभरेक कलमं लावली, त्यांच्यासाठी रात्री अकरापर्यंत दिवा. जॉर्जच्या बाजूने तर एवढं लिहिलं की त्यासाठी वेगळं पत्रक लागलं, तांदळाच्या पोत्यांचं.

एप्रिलच्या शेवटी विमानतळावर सामान दिल्यावर त्यांनी पिशवीतून ती चळत काढली. व्यवस्थित भोक पाडून, लाल दोरा नव्हता म्हणून माईंच्या राखीच्या दोऱ्याने बांधलेली. "एवढी सादर करा," म्हणाले. मी घेतली. दुसरं काय करणार?

परवा साताऱ्याहून फोन आला. तब्येत, पाऊस, भाजीचे भाव झाले. मग आवाज खाली आला, शिरस्तेदाराने वकिलाला बाजूला घेऊन विचारावं तसा.

"ते अपिलाचं काय झालं?"

"तारीख पडली, नाना."

"कधीची?"

"सुट्टीनंतरची."

पलीकडे क्षणभर शांतता. मग समाधानाचा हुंकार. "पडणारच. म्हणजे दाखल तरी झालंय."